परत न आलेला डबा

डब्लिन, ओहायो : ऑक्टोबर २००६

ज्या गावात पायी चालणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून काळजीनं विचारतात, तुमची गाडी बंद पडली का, त्या गावात मला शेजाऱ्यांनी एकमेकांकडे कसं जावं-यावं या विषयावरच्या परिषदेला बोलावलं होतं.

हे विचारणं पोचलो त्या दुपारीच झालं. हॉटेलच्या खोलीची खिडकी उघडत नव्हती आणि मला बंद खोलीत बसवत नाही. म्हणून बाहेर पडलो तर रस्त्याला कडेच नाही. डांबर संपलं की थेट हिरवळ, आणि हिरवळीवर पाय ठेवावा की नाही याची शंका यावी इतकी ती नीट कापलेली. पुढे एका मोकळ्या जागेत माणसाच्या उंचीची काँक्रीटची मक्याची कणसं रांगेनं उभी होती. इथं पूर्वी मक्याची शेतं होती, त्यांची आठवण म्हणून. शेतं काढून टाकायची आणि कणसांचे पुतळे बसवायचे हा उद्योग आपल्याकडे अजून कोणाला सुचलेला नाही, म्हणून इथं लिहितानाही जरा भीती वाटते. तिथून परत येताना एका बाईंनी गाडी थांबवली. मी सांगितलं की गाडी नाही, नुसता चालतोय. त्यांना ते पटलं नाही. शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी गाडीत बसलो आणि हॉटेलपाशी उतरलो.

परिषद मध्य आशियातल्या पाच शेजारी देशांची होती. पंधराएक वर्षांपूर्वीपर्यंत ते एकाच मोठ्या देशाचे भाग होते. तो देश मोडला, सरकारी योजनेवर चालणारे कारखाने आणि शेतं बाजाराच्या हवाली झाली, आणि या सगळ्याला अर्थशास्त्रज्ञांनी संक्रमण असं नाव दिलं. आपल्याकडे संक्रमण एका दिवसात उरकतं, तिळगूळ वाटून माणसं कामाला लागतात. यांचं अजून चालू होतं.

यात माझं काम काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही पडला होता. कोल्हापूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असताना मी गडहिंग्लज आणि संकेश्वरच्या बाजारांवर एक निबंध लिहिला होता. या दोन गावांच्या मधून राज्याची सीमा जाते, त्या सीमेवरून दोन्हीकडचे पुढारी वर्षानुवर्षं भांडतात, आणि बाजाराच्या दिवशी मिरची, गूळ आणि सोयरिकी तिच्यावरून बिनबोभाट ये-जा करतात, एवढाच त्याचा मथितार्थ. निबंध इंग्रजीत छापला गेला आणि कोणा अमेरिकी संशोधकाच्या हाती लागला. त्यांना एक तटस्थ परदेशी हवा होता. शिवाय माझी भाची अश्विनी याच गावात राहत असल्यामुळे मी स्वस्तात पडलो असतो, असा माझा अंदाज आहे.

वर्णमालेनं बसवलेले शेजारी

परिषदेच्या दालनात झेंडे इतके होते की माणसं त्यांच्या आडून बोलत होती. बसण्याची व्यवस्था इंग्रजी वर्णमालेनं. त्यामुळे भारत पहिला, मग कझाकस्तान, मग किरगिझस्तान, आणि ज्या उझबेकिस्तानची सीमा किरगिझस्तानला चिकटून आहे तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. शेजाऱ्यांना लांब बसवण्याचं काम वर्णमालेनं परभारे केलं होतं. कझाक पाहुण्यांचं विमान चुकलं होतं, तुर्कमेनिस्तानातून कोणी आलंच नव्हतं. दोन्ही रिकाम्या खुर्च्यांसमोर पाण्याचे पेले मात्र वेळेवर भरले जात होते.

अध्यक्षस्थानी एक निवृत्त राजदूत होते. त्यांनी रेशीम मार्गापासून सुरुवात केली. माझा अनुभव असा की ज्या भाषणात रेशीम मार्ग येतो, त्यात पुढे एकही जकात नाका येत नाही. मग एका तरुण तज्ज्ञानं वाढीचे आलेख दाखवले. पायाखाली तेल असलेल्या देशांचा आलेख वर गेला होता. तेल नसलेल्यांचाही थोडा वर गेला होता. तो का, हे माझ्या शेजारच्या रिकाम्या कझाक खुर्चीपलीकडून एका बाईंनी हळूच सांगितलं. आमच्याकडची तरणी माणसं मॉस्कोत इमारती बांधायला जातात आणि पैसे घरी पाठवतात, त्या पैशाला इथं वाढ म्हणतात.

या बाईंचं नाव गुलनारा. किरगिझस्तानातल्या एका जिल्ह्याच्या व्यापार कचेरीत त्या काम करत होत्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, अंगावर कडक इस्त्रीचा कोट आणि पर्समध्ये स्वतःचा हिरवा चहा. दुपारी आम्हाला पुठ्ठ्याच्या खोक्यातून थंडगार सँडविच, थंडगार सफरचंद आणि वर बर्फाचं पाणी मिळालं, तेव्हा आम्ही दोघं गरम पाणी शोधत हॉटेलभर हिंडलो. ओळख झाली ती त्या पाण्यावर.

त्यांचं गाव फरगाणा खोऱ्यातलं. बाबर तिथला. हिंदुस्थानात आल्यावर त्याला तिथल्या खरबुजांच्या आठवणीनं उमाळे यायचे. मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, खरबुजांचं सोडा, मला या परिषदेकडून एक वाक्य हवंय.

वाक्य त्यांनी लिहूनच आणलं होतं. बाजाराच्या दिवशी कालव्यावरचा पूल दोन्ही काठांच्या लोकांना, हातानं उचलता येईल एवढ्या मालासह, पायी जाण्यासाठी उघडावा. कालव्याच्या अलीकडे त्यांचं सासर, पलीकडे माहेर. लग्न झालं तेव्हा दोन्ही काठ एकाच देशात होते, कालवा म्हणजे नुसतं पाणी होतं. आता तो दोन देशांच्या मधून वाहतो आणि पूल बंद आहे. लांबचा वळसा घालून, परवाना काढून जाता येतं, पण परवाना मिळेलच असं नाही.

“आई दिसते मला,” त्या म्हणाल्या. “ती तिच्या काठावर येऊन उभी राहते, मी माझ्या. आम्ही ओरडून बोलायचो. आता तिला ऐकू कमी येतं. गेल्या वर्षापासून नुसतं बघतो.”

मग चहाचा घोट घेऊन त्यांनी स्वतःला दुरुस्त केलं. आई ही परिषदेत सांगण्याची गोष्ट नव्हे. तिथं टोमॅटो आणि कापड सांगायचं.

दुसरा दिवस, आणि अश्विनीचं घर

संयुक्त शिफारशींचा मसुदा करायला एक छोटी समिती नेमली गेली. गुलनारा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाचे उझबेक प्रतिनिधी रुस्तम, आणि तटस्थ म्हणून मी. रुस्तम त्याच खोऱ्यातले, पण नोकरी राजधानीत, कुठल्याशा खात्यात. अंगानं भारदस्त, कोटावर बारकी पदक-टाचणी. आदल्या दिवशी त्यांनी एक अक्षर उच्चारलं नव्हतं. आता बोलले. वाक्याला त्यांचा अजिबात विरोध नव्हता. फक्त ‘उघडावा’च्या आधी ‘योग्य वेळी’ घालावं. मग ‘शक्य त्या प्रमाणात’. मग ‘संबंधित यंत्रणांच्या विचाराअंती’. दुपारपर्यंत वाक्य इतकं लांबलं की पूल त्याच्या पलीकडच्या काठाला गेला. तरी गुलनारांनी ‘पायी’ हा शब्द सोडला नाही. अखेर रुस्तम म्हणाले की आहे तसं राजधानीला कळवतो, उत्तर सकाळपर्यंत येईल.

तेवढ्या वेळात मी उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो, पाणी प्यालो, पुन्हा उठलो. मला स्वस्थ बसवत नाही ही माझी जुनी तक्रार आहे, पण त्या दिवशी तिला कारणही होतं. संकेश्वरला बाजारासाठी निघताना मला आजवर कुठल्या राजधानीला विचारावं लागलेलं नाही.

दिवाळी दोन दिवसांवर होती. पाहुणे परदेशी आणि हॉटेलात जेवताहेत हे ऐकल्यावर अश्विनीनं फोनवर मला झापलं. “मामा, तू त्यांना थंड सँडविच खायला घालून देशाचं नाव घालवतोयस. आण घरी.” तिचा नवरा निखिल मूळचा नागपूरचा, डब्लिनमधल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरांची देखभाल करणारा. तो ऑफिसातून परस्पर आम्हाला न्यायला आला आणि गाडीत शिरल्या शिरल्या रुस्तमना म्हणाला की आमच्या गल्लीत तुमच्या नावाची बेकरी होती. रुस्तम काही समजले नाहीत, पण बेकरी म्हणजे चांगलंच काहीतरी असणार, असा चेहरा त्यांनी केला.

अश्विनीच्या दारात हॅलोविनचा भोपळा होता आणि त्याच्या डोक्यावर आकाशकंदील. आत चकल्या, चिवडा, शंकरपाळे, लाडू, आणि तळणाचा असा वास की तळघरातलासुद्धा धुराचा अलार्म काढून ठेवलेला. आम्ही बसलो तोच ती शेजारच्या कॅरोलबाईंकडे फराळाचं ताट देऊन आली. निखिलनं लगेच पाहुण्यांना किस्सा ऐकवला. पहिल्या वर्षी असंच ताट दिलं, तर कॅरोलबाईंनी दुसऱ्या दिवशी ते डिशवॉशरमध्ये लखलखीत धुऊन, आभाराचं कार्ड लावून परत केलं. रिकामं. अश्विनी चार दिवस उदास होती, यार. हिला वाटलं, संबंधच तोडले.

“तोडले नव्हते रे, पण रिकामं ताट कोण देतं?” अश्विनी म्हणाली. “साखर तरी ठेवावी चमचाभर.”

मी हे इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, एवढंच वाक्य झालं, आणि गुलनारा व रुस्तम एकदमच काहीतरी बोलले. मग एकमेकांकडे बघून थांबले. मग रशियनमध्ये दोघांचं सुरू झालं, आणि जरा वेळानं तेही सोडून त्यांच्या खोऱ्यातल्या बोलीत. त्यांच्याकडेही हेच. गुलनारांनी सांगितलं की त्यांची आई एकदा शेजारणीचा वाडगा घरात ठेवून बसली होती, कारण भट्टी बिघडली होती आणि परत द्यायला रोटी नव्हती. शेजारीण मागायला आली, तर आईनं दार उघडलं नाही. रुस्तम हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. त्यांच्या आजीनं म्हणे अशाच कारणासाठी शेजाऱ्याच्या झाडाच्या तुती शेजाऱ्याच्याच भांड्यात घालून परत केल्या होत्या.

निघताना अश्विनीनं निखिलला फराळ बांधून द्यायला सांगितलं. इथल्या आपल्या प्रत्येक घरात एका कपाटात दह्याचे, आइस्क्रीमचे, हॉटेलातल्या आमटीचे प्लॅस्टिकचे डबे धुऊन ठेवलेले असतात. पाहुण्याला द्यायचे ते त्यातले, म्हणजे परत आले काय, न आले काय, जीव अडकत नाही. परदेशात शिकलेलं हे शहाणपण आहे. निखिलला त्यातला एकच सापडला, तो त्यानं रुस्तमना दिला. गुलनारांसाठी ओट्यावरचा स्टीलचा डबा उचलला, त्यातल्या चकल्या तशाच ठेवून वर शंकरपाळे भरले, झाकण लावलं.

तो डबा माझ्या बहिणीचा, म्हणजे अश्विनीच्या आईचा होता. झाकणावर ‘सौ. शैला’ आणि तिच्या लग्नाचं साल टोचून कोरलेलं. अमेरिकेच्या दोन्ही वाऱ्यांत ती याच डब्यातून भाजणी घेऊन आली होती. तिसऱ्या वारीआधी ती गेली.

त्या रात्री मी तिथंच मुक्कामाला राहिलो. अश्विनीला कळलं ते सकाळी, ओटा पुसताना. ती चिडली नाही. निखिलला ती फक्त म्हणाली, “तुला कपाटात दुसरं काहीच दिसलं नाही?” त्यानं कपाट उघडून पुन्हा आत पाहिलं, आणि नागपूरच्या माणसाला किस्सा सुचला नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. मग ती माझ्याकडे वळली. “मामा, आज शेवटचा दिवस आहे ना तुमचा? तेवढा डबा घेऊन ये. चकल्या ठेवू देत त्यांना. डबा आण.”

तिसरा दिवस

राजधानीचं उत्तर आलं होतं. रुस्तमनी ते उभं राहून वाचून दाखवलं. आता मसुद्यात पूलही नव्हता आणि पायीही नव्हतं. ‘सीमापार संपर्काच्या सुलभीकरणाबाबतचा संवाद पुढे सुरू ठेवावा’ असं होतं. अध्यक्षांनी या मतैक्याबद्दल दोन्ही देशांचं अभिनंदन केलं. टाळ्या वाजल्या. प्रत्येकाला काचेचा एक त्रिकोण देण्यात आला, त्यावर ज्याचं त्याचं नाव आणि एक पुलाचं चित्र. हे चित्र कोणी निवडलं ते मला कळलं नाही, विचारायचं धाडसही झालं नाही.

गुलनारांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. फोटोसाठी उभं राहताना कझाकस्तानची जागा अजून रिकामीच होती, त्या सरकून माझ्याजवळ आल्या. रुस्तमकडे त्यांनी पाहिलं नाही.

मला डबा मागायचा होता. आता वाचकच सांगोत, कसा मागायचा? जिचं वाक्य अर्ध्या तासापूर्वी गेलं, तिला म्हणायचं की तुमच्या हातातला डबाही द्या? मी लॉबीत फेऱ्या मारत राहिलो. कॉफीच्या टेबलाशी जाऊन उगाच साखरेच्या पुड्या सरळ केल्या. अश्विनीचा फोन आला, तो घेतला नाही. विमानतळावर जाणाऱ्या गाड्या दारात लागल्या होत्या. गुलनारा सामान घेऊन खाली आल्या. त्यांच्या हातात डबा होता. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत त्यांच्याकडे निघालो आणि तेवढ्यात त्या माझ्या बाजूनं पुढे गेल्या, थेट रुस्तमसमोर.

त्या इंग्रजीतच बोलल्या, बहुधा मला साक्षीदार ठेवायचं म्हणून. “माझं वाक्य तुम्हाला नेता आलं नाही. हा डबा नेता येईल?”

रुस्तमनी डब्याकडे पाहिलं. “कुठे?”

“तुमच्या काठावर. कालव्याचं वळण आहे, तिथं तुतीच्या झाडाशेजारी निळं दार. माझी आई.”

“आत काय आहे?”

“उघडा. तुमचं कामच आहे ते.”

त्यांनी झाकण काढलं, शंकरपाळे बाजूला सारून खालपर्यंत पाहिलं. मग एक चकली उचलली, मोडली आणि खाल्ली. सावकाश. आजूबाजूला कोण आहे तेही पाहून घेतलं. मला वाटलं, आता ‘योग्य वेळी’ येणार. त्यांनी झाकण लावलं, त्यावरची अक्षरं बोटानं चाचपली आणि मला विचारलं की हे काय लिहिलंय. मी सांगितलं, नाव आहे. कोणाचं, ते सांगण्याची वेळ होती. मी म्हटलं, एका बाईचं, म्हणजे डबा कुणाचा ते लक्षात राहावं म्हणून.

“मग परत करावा लागेल,” रुस्तम म्हणाले.

“आमच्याकडे तशी पद्धत आहे,” मी म्हटलं.

“नवरोजला सुट्टी असते,” ते गुलनारांना म्हणाले. “वसंतात. त्याआधी मला खोऱ्यात जाता येणार नाही.” आणि डबा त्यांनी काचेच्या त्रिकोणाशेजारी बॅगेत ठेवला. जागा होईना, तेव्हा त्रिकोण बाहेर काढून कोटाच्या खिशात कोंबला.

अश्विनीच्या घरी मी रिकाम्या हातानं गेलो आणि घडलं ते सांगितलं. ती ओट्याकडे वळून पुन्हा ओटा पुसू लागली. मग तिनं विचारलं, त्या बाईंच्या आईला दात आहेत का? चकल्या जरा कडक झाल्या होत्या.

कोल्हापूर

इथं लोक विचारतात, अमेरिका कशी काय वाटली. मी कणसांचं सांगतो. परिषदेचा अहवाल जानेवारीत पोस्टानं आला, गुळगुळीत जाड कागदाचा, आणि त्यात माझं नाव चुकवून छापलं आहे. पाची देशांचे आलेख वर गेलेले आहेत. हिवाळाभर मला रुस्तमबद्दल बरे विचार आले नाहीत. विमानतळावरच्या कचऱ्याच्या पेटीत एक स्टीलचा डबा पडलेला मला सारखा दिसायचा. असा संशय घ्यायला मला कुठलंही कारण नव्हतं, फक्त आयुष्यभर सरकारी माणसं पाहिली होती. गडहिंग्लजहून संकेश्वरच्या बाजाराला दोनदा जाऊन आलो. मिरची घेतली. अश्विनी दर रविवारी फोन करते, डब्याचं नाव ती काढत नव्हती आणि मीही काढत नव्हतो.

गेल्या रविवारी तिनं काढलं. गुलनारांची ईमेल तिच्याकडे आली होती. रुस्तम नवरोजला निळ्या दारापाशी गेले होते. मुलीकडून आलंय, हे म्हातारीला ऐकू जावं म्हणून त्यांना गल्लीला कळेल एवढ्या आवाजात ओरडावं लागलं. शंकरपाळे आवडले. चकल्या तिनं गल्लीत वाटल्या, प्रत्येकाला एकेक तुकडा, आणि दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन कालव्याच्या काठावर आली. समोर गुलनारा होत्या. म्हातारीनं डबा डोक्यावर धरून दाखवला. ऊन होतं, चमकला असणार.

“पण डबा रुस्तमना दिला नाही तिनं,” अश्विनी म्हणाली. “ते मागत होते. ती म्हणाली, रिकामा कसा देऊ? जर्दाळू पिकू दे, वाळू दे. मग या न्यायला.”

“आणि ते येणार आहेत?”

“येतो म्हणालेत.”

पुलाचं मी विचारलं. पूल बंदच आहे.

फोनवर मागे निखिल काहीतरी सांगत होता, ती त्याला थांब म्हणाली. मग तिनं विचारलं, “मामा, मला सांग, तो डबा जर्दाळू घेऊन इथं आला, की मी त्यात काय भरून पाठवू?”

मी म्हटलं, बघू. दिवाळीला अजून वेळ आहे.